हट्टामागचं बोलणं

गुरुवार आणि त्यात पौर्णिमा आली की अक्कलकोटात पाय ठेवायला जागा नसते. वटवृक्ष मंदिराची रांग, नारळ-हारांची दुकानं, ध्वनिक्षेपक, सोलापूरहून भरभरून येणाऱ्या एसट्या. अशा रांगेत सात-आठ वर्षांचा एक मुलगा अचानक फतकल मारून खाली बसतो. दोन्ही कानांवर हात. मग किंचाळणं सुरू होतं. आई उचलायला गेली की तिच्या दंडाला चावतो, स्वतःचं डोकं कठड्यावर आपटतो. रांग थबकते, आणि रांगेतली माणसं बोलू लागतात.

'एवढा मोठा झालाय, दोन ठेवून द्या की!' 'आईनंच लाडावून ठेवलंय.' 'एकुलता एक दिसतोय.' एखादी म्हातारी अगदी कळवळून सुचवते, 'पुढं गाणगापूरला नेऊन आण बाई, बाहेरचं काहीतरी असंल.'

हे फक्त अक्कलकोटात घडतं असं मुळीच नाही. तुळजापूर, पंढरपूर, लग्नाचं कार्यालय, एसटी स्टँड, दवाखान्याचं बाकडं... कुठेही घडतं. चावलेला दंड पदराखाली झाकून ती आई रांगेतून बाहेर पडते. पुढच्या वेळी ती रांगेत येतच नाही. मग लग्नाला जाणं बंद होतं, हळदीकुंकू बंद होतं, माहेरी जाणंसुद्धा बंद होतं. मूल घरात आणि मुलाबरोबर आईही घरात. एखादं घर असं हळूहळू दार लावून घेतं, तेव्हा शेजारच्या घराला त्याचा पत्ताही नसतो.

आता तोच प्रसंग त्या मुलाच्या बाजूने बघा. पायाखाली तापलेली फरशी. सोलापूर जिल्ह्यातलं ऊन काय असतं हे आपल्याला नव्याने सांगायला नको. डोक्यावर कर्कश आवाज. चारी बाजूंनी परक्या माणसांचा घाम आणि धक्के. अर्धा तास झाला तरी हे कधी संपणार ते कळत नाही. आपल्यासारखं 'आई, मला त्रास होतोय, इथून चल' असं म्हणायला त्याच्याकडे शब्द नाहीत. मग तो काय करणार? त्याच्याकडे जे आहे, ते वापरतो. आवाज आहे, दात आहेत, डोकं आहे. आणि हे वापरलं की काम होतं! दोन मिनिटांत आई त्याला रांगेबाहेर काढतेच. शब्दांविना एवढं स्पष्ट बोलणं दुसरं कुठलं असणार?

या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. या मुलांचं चावणं, मारणं, फेकणं, डोकं आपटणं हे बहुतेक वेळा बोलणं असतं. ते ऐकायला शिकता येतं, आणि तेच म्हणणं जरा सोप्या रीतीने मांडायला मुलाला शिकवताही येतं. पण हे काम एकट्या आईच्या गळ्यात टाकून होत नाही.

अशी मुलं किती असतील? २०१८ साली एक मोठा भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाला. देशातल्या पाच भागांत, त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता, २ ते ९ वर्षांच्या मुलांची घरोघर जाऊन तपासणी केली गेली. साधारण आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या वाढीशी निगडित असा काही ना काही त्रास आढळला. त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, अतिचंचलता आलं, तसेच ऐकण्या-बघण्याचे दोषही आले. म्हणजे आठातलं प्रत्येक मूल चावरं-ओरखडणारं असतं असं नव्हे. पण 'आमच्या गावात असलं कुणी नाही' असं म्हणायलाही जागा उरत नाही. असतात, फक्त घरात असतात.

ऑटिझमला आपण मराठीत 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द गोड आहे, पण मला तो थोडा फसवा वाटतो. स्वतःत मग्न असलेलं मूल म्हटलं की वाटतं, त्याला जगाशी काही घेणंदेणं नाही. प्रत्यक्षात अशी कितीतरी मुलं आपल्याला काहीतरी सांगायचा जिवापाड प्रयत्न करत असतात. आपलाच कान तयार नसतो.

दोष द्यायला मात्र आपण तयार असतो, आणि तो हमखास आईच्याच पदरी पडतो. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, तिच्या माहेरीच कुणीतरी असं होतं, हिनं मोबाइल हातात दिला म्हणून पोर बोललं नाही... खेड्यातल्या अडाणी समजुती म्हणून हसण्याआधी एक गोष्ट ऐका. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमवरचा पहिला गाजलेला निबंध लिहिला. त्यांतल्या काही आईवडिलांच्या थंड स्वभावाची नोंद त्यांनी केली, आणि पुढे तोच धागा धरून शिकलेल्या, मोठमोठ्या विद्वानांनी 'आईची माया गोठलेली असते म्हणून मूल असं होतं' हा सिद्धांत मांडला. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. हजारो आयांनी तो कलंक सोसला. त्याला पहिलं सणसणीत उत्तर दिलं ते बर्नार्ड रिमलंड यांनी, १९६४ सालीच. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशा मुलाचे वडीलही होते. हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, संगोपनाचा नाही, हे त्यांनी पुराव्यांनिशी मांडलं. शेवटी १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या मेळाव्यात उभं राहून आईवडील निर्दोष असल्याचं जाहीर केलं. लसीमुळे ऑटिझम होतो ही आवईही अशीच. १९९८ साली एका ब्रिटिश डॉक्टराने ती उठवली आणि २०१० साली तो निबंध मासिकाने रद्दबातल ठरवून मागे घेतला. तेव्हा सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाई आणि शिकागोचे प्रोफेसर, दोघेही एकाच चुकीच्या गाडीत बसलेले होते म्हणायचे!

गाणगापूरचं म्हणाल तर, अक्कलकोटच्या भागातल्या माणसाला तिथे जाऊ नका असं सांगण्यात अर्थ नाही. श्रद्धा ज्याची त्याची. दर्शनाने आईच्या मनाला उभारी येत असेल तर जरूर जावं. प्रश्न येतो तो 'बाहेरचं' काढण्याच्या नावाखाली मुलाला मारलं, बांधलं, धुरी दिली जाते तेव्हा. तामिळनाडूतल्या एरवडीला दर्ग्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या मनोरुग्णांच्या झोपडीला ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली. साखळदंडाने बांधलेले होते म्हणून त्यांना पळताही आलं नाही, २८ जण गेले. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, साखळीने बांधणं, चटके देणं हा त्यानुसार गुन्हा आहे. दर्शनाला जा, पण पोराच्या अंगाला कुणाला हात लावू देऊ नका.

आणि त्याआधी पोराचं अंग बघा. ही गोष्ट डॉक्टरसुद्धा कधी कधी घाईत विसरतात. कालपर्यंत शांत असलेलं मूल आज अचानक डोकं आपटायला लागलं, कानाजवळ मारून घ्यायला लागलं, तर आधी कान तपासा, दात तपासा. पोट साफ होतं का बघा. या मुलांमध्ये बद्धकोष्ठ फार, आणि सांगता येत नाही. झोप लागते का, फिट्स येतात का, मुलगी असेल तर पाळीच्या आधी दुखतं का? किडलेल्या दाढेवर वर्तनाचा उपचार चालत नाही. दाढच काढावी लागते.

शरीराचं दुखणं नाही हे कळलं, मग पुढचं. इथे एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चार मुलं निवडली. चारही मुलं वर्गात मारामारी करायची, वस्तू फेकायची, स्वतःला इजा करायची. या दोघांनी आधी नुसतं निरीक्षण केलं. कुणी केव्हा बिघडतं? काही मुलं अवघड काम समोर आलं की बिघडायची. काही मुलं बाईंचं लक्ष कमी झालं की बिघडायची. मग त्यांनी शिक्षा केली नाही की बक्षीस दिलं नाही. पहिल्या प्रकारच्या मुलांना 'मला हे कळत नाही' असं म्हणायला शिकवलं, म्हणजे लगेच मदत मिळे. दुसऱ्या प्रकारच्यांना 'मी बरोबर करतोय का?' असं विचारायला शिकवलं, म्हणजे लगेच कौतुक मिळे. आरडाओरडा झपाट्याने खाली आला. गंमत अशी की चुकीचं वाक्य शिकवलं, म्हणजे लक्ष हवं असलेल्या मुलाला मदत मागायला शिकवलं, तर काहीही फरक पडला नाही. मुलाला जे म्हणायचं आहे तेच त्याच्या तोंडी द्यावं लागतं.

हे आपल्या स्वयंपाकघरात कसं आणायचं?

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक प्रसंगाच्या तीनच गोष्टी लिहायच्या. आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. बस्स. 'आज फार त्रास दिला' असं लिहून उपयोग नाही. 'दुपारी १ वाजता, पाहुणे आले होते, ताट फेकलं, मी तिला ओट्यावर नेऊन बसवलं' असं लिहायचं. दोन आठवडे नेटाने लिहिलं की वहीच बोलायला लागते.

समजा, नऊ वर्षांची एक मुलगी रोज जेवताना ताट फेकते. बोलणं चार-दोन शब्दांचं. घरच्यांचं मत ठरलेलं, की हिला शेंगाचटणी-भाकरी नको, हिला चिप्स पाहिजेत. वही मात्र वेगळंच सांगते. सकाळच्या चहा-चपातीला ती कधीच फेकत नाही. फेकते ती दुपारी, दुसरी भाकरी वाढली की. आणि फेकल्यावर लगेच तिला पंगतीतून उठवून बाहेर नेलं जातं. म्हणजे तिचं म्हणणं एवढंच, की पोट भरलं, मला उठू द्या. ते सांगायची तिला माहीत असलेली एकच पद्धत म्हणजे ताट भिरकावणं.

मग तिला 'पुरे' म्हणायला शिकवायचं. शब्द येत नसेल तर वाटी पालथी घालायची खूण. फेकण्याची वेळ यायच्या आतच, पहिली भाकरी संपत आली की तिचा हात धरून वाटी पालथी घालायची, आपण 'पुरे' म्हणायचं आणि ताबडतोब उठू द्यायचं. इथे हमखास आजी म्हणतात, 'अगं, अर्धपोटी उठवतेस का पोरीला?' चार दिवस उठू दे आजी! आधी त्या खुणेला किंमत येऊ दे. खूण केली की लोक ऐकतात हे तिला एकदा पटलं, की मग 'अजून एक घास, मग पुरे' असं हळूहळू वाढवता येतं. उलट केलं, म्हणजे खूण शिकवली आणि वर 'थांब, अजून एवढं संपव' म्हटलं, तर ती पुन्हा ताटाकडेच वळणार.

अक्कलकोटच्या भागात आणखी एक घोळ होतो, तो भाषेचा. कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर. कितीतरी घरांत आजी कन्नड बोलते, आई मराठी आणि कन्नड दोन्ही, गल्लीत उर्दू, शाळेत मराठी. शहरातल्या एखाद्या तज्ज्ञाकडे गेलं की सल्ला मिळतो, 'एकच भाषा ठेवा, मूल गोंधळतं.' मग आजीने नातवाशी बोलायचंच बंद करायचं का? डाऊन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्या मुलांवर बाहेरच्या देशांत झालेल्या अभ्यासांत दोन भाषांत वाढणारी अशी मुलं एका भाषेतल्या मुलांपेक्षा मागे पडलेली दिसली नाहीत. तेव्हा घरात 'पुरे'ऐवजी 'साकु' चालत असेल तर 'साकु'च शिकवा. 'पाणी'ऐवजी 'नीरु' म्हणाला तरी तांब्या पुढे करा. ज्या भाषेत आई रागावते आणि कुरवाळते, त्या भाषेत मूल आधी शिकतं. शब्द येतच नसतील तर तांब्याचा, एसटीचा, संडासाच्या दाराचा फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि तो हातात द्यायला शिकवा. चित्रं दाखवली की मूल बोलायचं थांबतं, ही भीती खरी नाही.

आता एक इशारा. मागाहून 'हे करून बघितलं, उलटच झालं' असं म्हणाल म्हणून आधीच सांगते. आजवर दुकानासमोर लोळण घेतली की बिस्किटाचा पुडा मिळत होता. उद्यापासून तुम्ही द्यायचा नाही असं ठरवलंत, तर परवा लोळण कमी होणार नाही, दुप्पट होईल. मूल बिचारं विचार करतं, की रोज चालणारं नाणं आज का चालेना, जरा जोरात आपटून बघू. या दिवसांत घरातल्या एकानेही, 'जाऊ दे, रडतोय' म्हणून पुडा हातात ठेवला, की मूल शिकतं : पुरेसं लोळलं की मिळतं. म्हणून घरातल्या सगळ्यांचं आधी एकमत करा. आजोबा खिशातून गुपचूप गोळी काढणार असतील तर सुरुवातच करू नका. आणि पुडा बंद करताना पुडा मागायची दुसरी रीत आधी हातात द्या.

पण लोळण घेणं वेगळं आणि आवाज-गर्दीने भंजाळून जाणं वेगळं. रांगेतल्या त्या मुलाला काही मिळवायचं नव्हतं, सुटायचं होतं. अशा वेळी शिकवणी घ्यायची नसते. कमी बोला, हळू बोला, आजूबाजूची टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली हात किंवा ओढणीची घडी द्या, शक्य तितकं उघड्यावर न्या. 'काय झालं? का करतोस असं?' हे प्रश्न त्या क्षणी त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. शहाणपण पुढच्या खेपेला वापरायचं. गुरुवार सोडून दुसऱ्या वारी, सकाळी लवकर, कानात कापूस घालून, दहा मिनिटांसाठी.

फारच हिंसक वागणं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देतात, आणि कधी कधी त्यांची खरंच गरज असते. त्यात कमीपणा नाही. मात्र गोळी मुलाला शब्द शिकवत नाही, ते काम राहतंच.

हे सगळं वाचताना कुणीतरी नक्कीच म्हणालं असेल, 'अहो, पण करणार कोण हे?' खरा प्रश्न हाच आहे. पहाटे पाणी भरायचं, डबे करायचे, कुणी शेतात जातं, कुणी घरी विड्या वळतं, त्यातच या मुलाला भरवायचं, धुवायचं, रात्री दोन वाजता तो उठून बसला की त्याच्याबरोबर बसायचं. या बाईला वही लिहा म्हणणं सोपं आहे. तिला आधी झोप हवी असते. इतके सल्ले मिळतात तिला! त्यापेक्षा कुणी दोन तास त्या मुलाजवळ बसलं तर?

शेजारणींनो, जावांनो, नणंदांनो, हे तुमच्यासाठी आहे. आठवड्यातून एक दुपार, दोन तास. आधी आई घरात असताना जा, मुलाला तुमची सवय होऊ दे, त्याच्या खुणा विचारून घ्या. मग आईला बाहेर पाठवा. ती झोपेल, बाजारात जाईल, नाहीतर नुसती बसून राहील, काय करतेस विचारू नका. परदेशात याला 'रेस्पिट' म्हणतात आणि त्याची केंद्रं असतात. आपल्या राष्ट्रीय न्यासाचीही अशी तात्पुरत्या सांभाळाची योजना आहे आणि तिचं नाव, योगायोग बघा, 'समर्थ'. पण असं केंद्र तालुक्याच्या गावाला सहसा मिळत नाही. तिथे शेजारचं घर हेच केंद्र. आणि रांगेत अशा मुलाला पुढे सोडायला कुठला शासन निर्णय लागत नाही. 'ताई, तुम्ही पुढं व्हा' एवढं एक माणूस म्हणालं तरी पुरतं.

वडिलांबद्दलही बोललं पाहिजे. कितीतरी घरांत बाबा कामावर जास्त वेळ थांबायला लागतात. दुःख त्यांनाही असतं, पण ते बोलायची सवय नसते. त्यांना 'मदत करा' म्हणून चालत नाही. एक ठरलेलं काम द्या. रात्रीची आंघोळ बाबांची, रविवारची दाढ बाबांकडे. आणि घरात दुसरं मूल असेल तर त्याला रोज वीस मिनिटं अशी द्या की ज्यात या भावाचा किंवा बहिणीचा विषयही निघणार नाही. 'तू शहाणी ना, तूच समजून घे' हे ऐकत मोठ्या झालेल्या बहिणी आयुष्यभर शहाण्याच राहतात, दमलेल्या.

तज्ज्ञ नसले तर काहीच होत नाही, असंही नाही. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला, २०१६ साली तो 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आला. ऑटिझम असलेली ६५ मुलं. शिकवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. ते घरी जायचे, आई मुलाशी खेळताना व्हिडिओ काढायचे आणि मग आईबरोबर बसून तो बघायचे. 'हे बघा, इथं त्यानं तुमच्याकडं पाहिलं आणि तुम्ही लगेच उत्तर दिलंत.' आया मुलांच्या कलाने घ्यायला लागल्या, मुलं आपणहून जास्त पुढाकार घ्यायला लागली. जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांसाठी असाच कार्यक्रम तयार केला आहे. गटात नऊ बैठका आणि तीन गृहभेटी, आणि त्या घेणारी व्यक्ती तज्ज्ञच असावी अशी अट नाही. अंगणवाडीताई, आशाताई, विशेष शिक्षक, यांना हे शिकवता येईल. अक्कलकोटहून सोलापूर चाळीसेक किलोमीटर. चिडलेल्या मुलाला घेऊन दर आठवड्याला एसटीने जाऊन येण्यात आईचा एक रोजगार बुडतो आणि मूल तिथे पोचेपर्यंत थकून गेलेलं असतं. शिकवणारा माणूस घरी आला तर किती फरक पडेल!

मुलींच्या बाबतीत एक जखम महाराष्ट्राने विसरू नये. १९९४ साली शिरूरच्या सरकारी गृहातल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण सांगितलं गेलं ते पाळीतल्या स्वच्छतेचं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. पण आजही वयात येणाऱ्या अशा मुलीच्या आईला कुणीतरी कानात सांगतंच, 'काढून टाका पिशवी, म्हणजे सुटाल.' पिशवी काढल्याने मुलीवर हात टाकणारा थांबत नाही, फक्त पुरावा उरत नाही. पाळीचं शिकवता येतं. पाळी यायच्या वर्षभर आधीपासून पॅड नुसतं लावून हिंडायची सवय, बदलायच्या पायऱ्यांची चित्रं न्हाणीच्या भिंतीवर, कॅलेंडरवर लाल टिकली. वेळ लागतो, पण खूपशा मुली शिकतात. आणि कोण अंगाला हात लावू शकतं, कोण नाही, हेही त्याच वयात, त्याच चित्रांनी.

कागदपत्रांचं थोडक्यात. लहान मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवं. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला होता. 'उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिरा बोलला' म्हणत थांबू नका, पथकाला दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमसह २१ प्रकार आहेत. ओळखपत्र काढून घ्या, पुढच्या बहुतेक सवलती त्यावरच मिळतात. राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा वर्षाला एक लाखापर्यंतचा आहे, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. आणि एक गोष्ट जी बहुतेक आईवडिलांना माहीतच नसते : मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने तुम्ही आपोआप त्याचे पालक राहत नाही. बँकेत, वारसाहक्कात अडतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं.

'माझ्यामागे याचं काय?' हा प्रश्न या प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर येतो. याची उत्तरं आजवर बहुतेक पालकांनीच काढली. १९४४ साली मुंबईत जय वकील या बाईंनी आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली, तिच्यातून पुढे केवढी संस्था उभी राहिली. बदलापूरची 'आधार' ही मोठ्या झालेल्या मुलांना कायमचं सांभाळणारी संस्था माधवराव गोरे आणि इतर पालकांनी मिळून उभारली. सगळ्यांना संस्था काढता येणार नाही, आणि मुलाला संस्थेत ठेवावंसंही प्रत्येकाला वाटणार नाही. पण अक्कलकोट, दुधनी, मैंदर्गी, वागदरी या पट्ट्यातली चार घरं महिन्यातून एकदा एका ओट्यावर बसली, चहा घेतला, 'तुमचा झोपतो का?' एवढं एकमेकींना विचारलं, तरी लावून घेतलेलं दार थोडं किलकिलं होतं.

आणि ती दोनशे पानी वही. तिचं शेवटचं पान वेगळं ठेवा. तुम्ही चार दिवस दवाखान्यात पडलात, तर तुमच्या जागी जी कुणी येईल तिच्यासाठी. औषधाचं नाव आणि वेळ. फिट आली तर काय करायचं. भाकरी कुस्करून दिली तरच खातो. 'नीरु' म्हणाला तर पाणी, पण दोनदा म्हणाला तर आंघोळ. मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगायचं. निळा शर्ट वाळत असेल तर ओला का होईना, तोच घालायचा. शेजारच्या ताईंचा फोन नंबर. रात्री झोपताना पाठीवरून हात फिरवायचा, डोक्यावरून नाही.